काना

शनिवारी वाळपईच्या शाळेत
बाकं भिंतीला सरकवून
अकरावीच्या आम्हां त्रेचाळीस जणांना
गोल उभं केलं.
पणजीहून आलेल्या ग्लेंडा मॅडमनी
मोठ्या कागदावर जांभळ्या पेनानं लिहिलं : बंध.
खाली एक हसरं तोंड काढलं.
म्हणाल्या, आज इथून कुणीही
अनोळखी राहून जायचं नाही.

आधी लोकरीचा गुंडा.
ज्याच्याकडे फेकायचा, त्याचं एक चांगलं सांगायचं.
नाझियाचं अक्षर चांगलं.
मेल्रॉयचा स्वभाव चांगला.
तन्वेशचा स्वभाव चांगला, यल्लव्वाचा स्वभाव चांगला.
अर्ध्या तासात वाईट स्वभावाचं कुणी उरलंच नाही.
माझ्या वाट्याला 'शांत' आलं.
मी शांत नाही,
मला कुणी काही विचारलेलं नाही एवढंच.

मग डोळे मिटून मागे पडायचं,
मागचे झेलणार.
यल्लव्वा पडेना.
विश्वास ठेव, मॅडम म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या.
तिचा बाप मे महिन्यात परांचीवरून पडला
हे त्यांना सांगायचं कुणी?
आम्ही सगळे आपापल्या बुटांकडे बघत राहिलो.

मग, हात पुढे करा, मिळेल तो धरा.
मला मिळाला एक कोरडा हात,
अंगठ्याशी काजूच्या चिकानं पोळल्याचा जुना चट्टा.
डोळे न उघडताच कळलं,
दत्तगुरू.

तो गावस, मीही गावस.
सात वर्षांपूर्वी डोंगरावरच्या काजूत
एका रात्रीत बांध दोन हात सरकला.
कुणाच्या बाजूला, ते मामलेदाराला अजून कळलेलं नाही.
तेव्हापासून बोलणं बंद.
चवथीला मूळ घरात गणपती एकच, माटोळी एकच,
आरत्या दोन :
त्यांची सातला, आमची साडेसातला.
मधला अर्धा तास देव काय करतो कोण जाणे.
त्याची थोरली काकी गेली
तेव्हा आमच्यातलं कुणी मातीला गेलं नाही,
पण सुतक पाळलं.
पुरे दहा दिवस, एक तास कमी नाही.
त्याच्या आईला खोकल्याची उबळ
पहाटे किती वाजता येते, मला ठाऊक आहे.
त्यांचा कुत्रा कुणाला भुंकत नाही, तेही.
अनोळखी असतो
तर किती सोपं झालं असतं, मॅडम.

आता एक मिनिट डोळ्यांत बघा,
आणि मनातलं एक बोला.
त्यांनी मोबाइलवर घड्याळ लावलं.

भुवया माझ्या बाबांच्या.
तशाच, मध्ये जुळलेल्या.
इतक्या जवळून मी कधी बघितलं नव्हतं.
चाळीसएक सेकंद गेले असतील.
मग तो ओठ न हलवताच बोलला,
"उद्या वरच्या वाटेनं नको म्हणावं.
गवी व्यालीय तिथं."

काय बोललात, मॅडमनी विचारलं.
"स्वभाव चांगला आहे," तो म्हणाला.
मीही तेच म्हटलं.

हातांची गाठ शेवटपर्यंत सुटली नाही.
जेवणाची घंटा झाली तसे सगळ्यांनी हात सोडले.
शाबू शिपाई जमिनीवर बसून
लोकर गुंडाळत होता,
पुटपुटत होता, ते इथं लिहिता येणार नाही.

जेवून आलो तर कागदावरच्या शब्दाला
कुणीतरी एक काना दिलेला.
बांध.
मॅडम थबकल्या. असं लिहितात होय?
म्हणाल्या, माझं मराठी जरा कच्चं आहे.
कुणी काही बोललं नाही.
जांभळी शाई कुणाच्या बोटाला होती ते मी पाहिलं.
सांगणार नाही.
भावकीतली गोष्ट आहे.

शेवटी छापील कागद भरायचा होता :
आज तुम्हाला काय मिळालं?
मी लिहिलं, एक सामोसा.

रात्री बाबा कोयता घासत बसलेले.
म्हटलं, उद्या बागेत खालच्या वाटेनं जा,
वर गवी व्यालीय.
त्यांचा हात थांबला.
कुणी सांगितलं?

शाळेत शिकवलं, मी म्हटलं.